पुढच्याची धूळ, मागच्याचा घसा : रानातली मोटारसायकल शर्यत समजून घेताना

मागच्या एप्रिलमधल्या एका रविवारी भाचा दुपारी घरी आला, तेव्हा बहिणीनं त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवला. डोळ्यांभोवती गॉगलच्या आकाराचा गोरा पट्टा, आणि बाकी तोंड, मान, कान, भुवया, सगळं तांबूस. "वीटभट्टीवर कामाला गेलतास काय रं?" तिनं विचारलं. "रेस हुती," एवढंच बोलून गडी न्हाणीत शिरला.

जेवताना सगळ्यांचा एकच प्रश्न : किती जोरात पळवलीस? "सरासरी काढली तर ताशी पंचवीस बसंल." सगळे हसले. पंचवीसनं तर आमचे आबा लूनाला दुधाचा कॅन अडकवून डेअरीला जायचे. पण भाच्याला भाकरी मोडवत नव्हती. बोटं वळत नव्हती. तांब्याभर ताक त्यानं एका दमात संपवलं आणि दुसरा तांब्या पुढं केला.

ताशी पंचवीसची शर्यत धडधाकट पोराला एवढी कशी पिळून काढते? हा प्रश्न डोक्यात बसला. मग कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्र्यांना छळलं, दोनदा रानात जाऊन स्वतः धूळ खाल्ली. जे उमगलं ते लिहितोय, कारण हल्ली प्रत्येक गल्लीत एखादा तरी पोरगा हे करायला निघालाय आणि घरच्यांना तो नेमकं काय करतो याचा पत्ता नसतो.

## मातीतल्या शर्यती सगळ्या एक नव्हेत

२०२४ च्या जानेवारीत पुण्यात सुपरक्रॉसची लीग सुरू झाली आणि बऱ्याच जणांनी पहिल्यांदा मातीतल्या गाड्या हवेत उडताना बघितल्या. ते सुपरक्रॉस : स्टेडियममध्ये माती आणून ढिगारे रचायचे आणि त्यावरून उड्या मारायच्या. तेच मोकळ्या माळावर, मोठ्या ट्रॅकवर केलं की मोटोक्रॉस. रॅली वेगळी. तिच्यात इथून तिथवर शेकडो किलोमीटर जायचं असतं. सर्वांत नावाजलेली रॅली डाकार. तिथं २०१५ साली सी. एस. संतोष हा पहिला भारतीय रायडर उतरला आणि २०२४ मध्ये हरिथ नोआनं रॅली-टू हा गट जिंकला.

भाचा करतो ते यातलं काहीच नाही. त्याचं काम झाडीतलं. त्यातही दोन तऱ्हा आहेत.

पहिली एन्ड्युरो. तिला एसटीचं वेळापत्रक समजा. ठरावीक ठिकाणी ठरावीक मिनिटाला पोचायचं. उशीर झाला तर दंड, आणि लवकर पोचलात तरी दंड. मधले काही तुकडे मात्र जीव तोडून पळवायचे असतात, त्यांची वेळ मोजतात. ही पद्धत जुनी आहे. सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय एन्ड्युरो १९१३ मध्ये इंग्लंडातल्या कार्लाइल इथं पहिल्यांदा झाली.

दुसरी तऱ्हा अमेरिकेत फार चालते, तिला हेअर स्क्रॅम्बल म्हणतात. हेअर म्हणजे ससा. झाडीतून काही किलोमीटरची वेडीवाकडी वाट आखायची, सगळ्यांना रांगेत उभं करायचं आणि ठरलेला वेळ, दोन तास म्हणा, तीन तास म्हणा, त्याच वाटेवर फेऱ्या मारत राहायचं. वेळ संपल्यावर चालू फेरी पुरी करायची. ज्याच्या फेऱ्या जास्त तो पुढं, फेऱ्या सारख्या असतील तर आधी पोचला तो पुढं. आपल्याकडची हौशी पोरं करतात ते याच्याच जवळचं, म्हणून पुढं मी नुसतं 'रानातली रेस' म्हणेन.

हौशी म्हणजे ज्याचं पोट यावर नाही तो. सोमवारी तो शिरोलीच्या एमआयडीसीत शिफ्टला हजर असतो. अशांचे वयाप्रमाणे, अनुभवाप्रमाणे, गाडीच्या सीसीप्रमाणे गट पाडतात, म्हणजे काल शिकलेल्या पोराची दहा वर्षं मुरलेल्या गड्याशी गाठ पडत नाही. तालमीत वजनाप्रमाणे जोड लावतात तसंच.

## धूळ उडते कशी आणि बसत का नाही

आता खरा विषय. पिठाच्या डब्यात फुंकर मारा, तोंड पांढरं होईल. त्याच पिठात पाणी घालून मळा आणि मग फुंका, काही होत नाही. मातीचं तेच. कणांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा असतो तोवर तो त्यांना एकमेकांना चिकटवून ठेवतो. उन्हानं तो सुकला की प्रत्येक कण सुटा, आणि वरून मातीतल्या टायरचे ठोकळे ढेकळं फोडून आणखी पीठ पाडत जातात. पहिल्या फेरीला ठीक असलेली वाट चौथ्या फेरीला घोटाभर भुकटीची होते.

कोल्हापूरकराला हे खरं तर सांगायला नको. तालमीत हौद्याच्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू का घालतात? कारणं बरीच सांगतात, पण एक साधा परिणाम असा की ती माती ओलसर, लुसलुशीत राहते, उडत नाही. मल्ल पडला तर लागत नाही आणि श्वासात पीठ जात नाही. रानात दोन-तीन किलोमीटर वाटेला ताक कोण घालणार? टँकरनं सुरुवातीचा पट्टा आणि एखादं वळण भिजवतात, तेवढंच.

उडालेली धूळ खाली येते केव्हा, हा पुढचा मुद्दा. दहा मायक्रॉनचा कण, म्हणजे आपल्या केसाच्या साधारण सातव्या हिश्शाएवढा, वारा नसेल तर डोक्याच्या उंचीवरून जमिनीवर यायला तीन-साडेतीन मिनिटं घेतो. माळावर वारा त्याला घेऊन जातो. झाडीत वाराच नसतो. दोन्ही बाजूंनी झुडपं, वर फांद्या, मध्ये बोगदा. धूळ तिथंच टांगून राहते. त्यातून तिरपी उन्हं आली की फोटो झकास येतात, पण रायडरला पुढचा दगड दिसत नाही.

म्हणून सुरुवातीला एवढं महत्त्व. हेअर स्क्रॅम्बलमध्ये बहुधा बंद इंजिनानं सुरू करतात : सगळे चिडीचूप, झेंडा पडला की किक किंवा बटण, आणि सगळे एकाच वळणाकडे. पहिला पोचला त्याला स्वच्छ वाट. दुसऱ्याला पहिल्याची धूळ, दहाव्याला नऊ जणांची. मागच्यापुढं दोनच रस्ते उरतात. थोडा मागं राहून धूळ बसू द्यायची आणि वेळ घालवायचा, नाहीतर आंधळेपणानं घुसायचं. नवखा घुसतो. भाचा पहिल्या खेपेला घुसला आणि करवंदीच्या जाळीत गेला. ओरखडे दोन आठवडे मिरवत होता.

मुरलेला गडी काय करतो? पुढच्याच्या मागच्या चाकात चाक घालत नाही. वाऱ्याची झुळूक कुठल्या बाजूनं आहे ते ओळखून त्या बाजूची कड धरतो. चढ, ओढ्याची ओल, गर्द सावलीतली माती, जिथं धूळ कमी तिथं गाठतो आणि पुढं काढतो. एन्ड्युरोत दर मिनिटाला दोन-चार जणच सोडतात, त्यामुळं निदान जाडी धूळ बसायला वेळ मिळतो.

आणि वळीव! एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी एक सर पडून गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी तीच वाट सोन्यासारखी होते. धूळ नाही, चिखल नाही, टायर माती धरतो. पोरं हवामान खात्याकडं शेतकऱ्यापेक्षा जास्त लक्ष ठेवून असतात.

## इंजिन पण श्वास घेतं

इथं मिस्त्र्यांनी मला कागदावर हिशेब करून दाखवला. २०० सीसीचं फोर स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा हवा ओढतं. मिनिटाला सहा हजार फेरे धरले तर तीन हजार वेळा २०० सीसी, म्हणजे मिनिटाला ६०० लिटर. प्रत्यक्षात सिलेंडर दर वेळी पुरा भरत नाही, आकडा थोडा खाली येतो. तरी दोन तासांत कागदावर ७२,००० लिटर. दहा हजारी पाण्याचे सात टँकर भरतील एवढी हवा, आणि ती सगळी त्या धुळीच्या बोगद्यातून.

त्या हवेबरोबर बारीक रेती आत गेली तर? व्हॉल्व्ह बसवताना मिस्त्री ग्राइंडिंग पेस्ट लावून घासतो ते बघितलं असेल. कठीण कण आणि तेल यांचं मिश्रण. धूळ आत गेली की सिलेंडरच्या तेलात मिसळून तीच पेस्ट तयार होते, फरक एवढाच की घासायला नको तिथं घासते. पिस्टन, रिंगा, बोअर, सगळं. मग गाडी निळा धूर मारायला लागते, किकला दम राहत नाही, आणि बापाला बिल येतं.

यावर इलाज फिल्टरचा. रस्त्यावरच्या गाड्यांत बहुधा कागदी फिल्टर असतो, तो असल्या धुळीत लवकर तुंबतो. रानात स्पंजसारखा फोमचा फिल्टर, चिकट तेलात भिजवलेला वापरतात. धूळ भोकांत अडकत नाही, तेलाला चिकटते. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनच्या तेलकट पात्याला कशी धूळ धरते, तसं. फिल्टर जिथं टेकतो त्या कडेला ग्रीस लावायचं, नाहीतर धूळ दारातून न येता फटीतून येते. प्रत्येक रेसनंतर तो धुवायचा, सुकवायचा, पुन्हा तेल. पेट्रोलनं धुऊ नये, फोमचे चिकटवलेले जोड सुटतात आणि आग लागायची भीती वेगळी. हे कंटाळवाणं काम आहे. माझ्या मते कोण टिकणार आणि कोण सहा महिन्यांत गाडी ओएलएक्सवर टाकणार, ते या एका कामावरून कळतं.

## माठावर प्लास्टिक

आता ऊन. माणसाचं अंग थंड राहतं ते माठासारखं : बाहेर ओल येते, ती सुकताना उष्णता घेऊन जाते. एक लिटर घाम पुरता सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. पुरता सुकला तर, हे महत्त्वाचं. हनुवटीवरून टपकला तो घाम फुकट गेला.

स्नायू जी ऊर्जा जाळतात तिचा जेमतेम पाव हिस्सा कामाला येतो, बाकीची उष्णता होते. दीडेकशे किलोची गाडी दगडधोंड्यांतून दामटणं म्हणजे तासन्‌तास बैठका आणि जोर एकत्र. आता त्या माठावर हेल्मेट, छातीचं कवच, गुडघ्याची वाटी, कोपराची वाटी, पोटरीपर्यंतचे बूट, हातमोजे चढवा. माठाला प्लास्टिक गुंडाळल्यासारखं झालं. त्यात झाडीत वारा नाही आणि वेग ताशी पंचवीस, म्हणजे चालत्या गाडीचा वारापण नावापुरता. भाच्याच्या हातात भाकरी का मोडत नव्हती, त्याचा अर्धा जबाब इथं आहे.

मग पाणी. तासाला लिटरभर घाम सहज जातो. पाठीवर नळीची पाण्याची पिशवी असते, त्यातून दर काही मिनिटांनी घोट घ्यायचा. तहान लागेस्तोवर थांबलात तर उशीर झाला. पण नुसतं पाणी ढोसणंही घातक. घामाबरोबर मीठ जातं, वरून साधं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं मीठ पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, वाढत गेलं तर बेशुद्धी. ओआरएसची पुडी, मीठ घातलेलं ताक, कोकम सरबत हे आपल्याकडचे इलाज अगदी शास्त्रशुद्ध आहेत. आदल्या रात्री तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर आडवा हात मारून, वर दोन बाटल्या रिचवून सकाळी रेसला उभं राहणं मात्र मूर्खपणा. दारू अंगातलं पाणी काढून टाकते.

उन्हाची सवयही लावावी लागते. एसी ऑफिसात वर्ष काढून एकदम मे महिन्यात रानात गेलात तर अंग तयार नसतं. रोज थोडं थोडं उन्हात राबलं तर आठवडा ते दोन आठवड्यांत घाम लवकर यायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. ऊस तोडणारा माणूस त्याच उन्हात दिवस काढतो, हे अंगवळणीच आहे. पण त्यालाही ऊन लागतंच.

उष्माघात ओळखायची खूण सगळ्यांना माहीत हवी. कातडी कोरडीच पडेल असं नाही, घामानं डबडबलेल्यालाही होतो. गडी विसंगत बोलायला लागला, सरळ चालेना, कुठं आहे ते सांगता येईना, की समजा डोकं तापलंय. कपडे-कवच काढा, सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, बर्फ असेल तर काखेत, मानेला, जांघेत लावा, वारा घाला. कुणीतरी १०८ ला फोन लावेल, पण गार करणं गाडी यायच्या आधीपासून सुरू हवं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

## गाडीला पण ऊन लागतं

इंजिनच्या पंख्यांना, म्हणजे सिलेंडरवरच्या त्या धातूच्या पापुद्र्यांना, वारा लागतो तोवरच ते गार राहतं. रानात पहिल्या-दुसऱ्या गिअरला, क्लच अर्धा दाबून चढ चढताना वारा कुठला? रेडिएटरवाल्या गाडीत पाणी उकळून ओव्हरफ्लोच्या नळीतून फसफसतं. ते झाकण गरम असताना उघडणं म्हणजे शिट्टी न काढता कुकर उघडणं : आत दाबाखाली असलेलं पाणी उसळून अंगावर येतं. वीस मिनिटं सावलीत थांबा. आणि करपल्यासारखा वास आला तर तो क्लचच्या प्लेटांचा. नवखे घाबरून क्लच धरून ठेवतात, तो घसरतो, तापतो, मग गाडी रेस केली तरी पुढं सरकत नाही.

## हात का आवळतात

भाच्याच्या बोटांची गोष्ट राहिली. कोपरापासून मनगटापर्यंतच्या स्नायूंना एक ताठ आवरण असतं. हँडल घट्ट धरून ठेवलं की स्नायूंत रक्त येत राहतं, ते फुगतात, पण आवरण ताणत नाही. अभ्रा लहान आणि कापूस जास्त, अशी गत. आतला दाब वाढून रक्त परत जायची वाट चेपते. हात दगड होतो, बोटं ब्रेक ओढत नाहीत. रायडर मंडळी याला आर्म पंप म्हणतात.

यावरची युक्ती घोडेस्वाराची आहे. गाडी मांड्यांनी आणि गुडघ्यांनी धरायची, हँडलवर हात नुसते ठेवल्यासारखे. बऱ्याचदा फूटरेस्टवर उभं राहूनच चालवायची. उभं राहिलं की गुडघे आणि घोटे शॉकअपचं काम करतात, गाडी खाली नाचली तरी धड स्थिर राहतं. क्लच आणि ब्रेकवर एकेक किंवा दोन बोटं, बाकीची हँडलवर.

आणि नजर. दोन झाडांमधून जायचंय आणि तुम्ही झाडाकडं बघितलंत, तर गाडी झाडावरच जाते. हात नजरेमागं जातात, याला इलाज नाही. फटीकडं बघायचं, फटीच्याही पुढं बघायचं. हे वाचायला सोपं वाटतं. समोर बाभळीचा बुंधा येतो तेव्हा बघा जमतंय का.

## "हे श्रीमंतांचे नाद, आमच्या पोरांना कुठलं परवडणार?"

थोडं खरं आहे. शर्यतीसाठीच बनवलेली परदेशी एन्ड्युरो गाडी वजनाला शंभर-सव्वाशे किलोच्या आत असते आणि किमतीला चारचाकीला भिडते. पण हौशी पोरांनी तिकडं बघायचंच कशाला? २०१९ साली हिरोची एक्सपल्स २०० आली आणि हे गणित बदललं. जमिनीपासून २२० मिलीमीटर उंची, पुढचं चाक एकवीस इंची, मागचं अठरा, आणि दुरुस्ती कुठल्याही तालुक्याच्या गावात. वजन दीडशेच्या वर जातं, ते जाणवतं. काही जण अजून आरएक्स १०० ला मातीचे टायर चढवून नेतात. १९८५ ते १९९६ च्या काळातली ती गाडी हलकी आहे, चटकन उठते. पण तिचे सुटे भाग मिळवण्यात निम्मा जन्म जातो, आणि चांगल्या अवस्थेतली आरएक्स अशी आपटायला नेणं मला तरी पाप वाटतं.

पैसे आधी कशावर घालायचे, यात पोरं हमखास चुकतात. सायलेन्सर आधी घेतात. आधी बूट घ्या. घोटा मोडला तर शिफ्ट बुडते. मग बाहेरच्या गॉगलचं, टोपीसारखी पुढं कड असलेलं हेल्मेट, छाती-पाठीचं कवच, गुडघ्याच्या वाट्या. हँडलला हाताभोवती येणारी लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची कमान, कारण झाड पहिलं बोटांवरच बसतं. टायर बरे घ्या आणि हवा कमी ठेवा. रस्त्यावर पंचवीस-तीस पौंड असते, रानात बारा-पंधरापर्यंत उतरवतात, म्हणजे टायर चपटा होऊन दगडाला धरून राहतो. फार उतरवली तर रिम ठेचते आणि ट्यूब चिमटून पंक्चर होतं. घरी जाताना पुन्हा भरायला विसरू नका.

## "रस्त्यावर उंडारणारी पोरं ती हीच ना?"

हा आरोप भाच्याच्या आजीचा. तिला कायद्यानं उत्तर देता येतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावणं गुन्हा आहे : पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि सार्वजनिक जागा म्हणजे फक्त डांबरी रस्ता नव्हे. लोकांना जायचा-यायचा हक्क असलेली कुठलीही वाट त्यात येते. पाणंद आपल्या गावची असली तरी ती शर्यतीचा ट्रॅक होत नाही.

रीतसर शर्यतीत वाट बंद असते, समोरून कुणी येत नाही, वळणावळणावर झेंडेवाले असतात, अँब्युलन्स उभी असते. देशात या खेळाची शिखर संस्था फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया, तिच्या मान्यतेच्या स्पर्धेत उतरायला परवाना काढावा लागतो. कोल्हापूरला हे अगदीच परकं नाही. इथल्या मोहितेंच्या ट्रॅकवर गो-कार्टच्या राष्ट्रीय फेऱ्या झाल्यात.

भाचा पहिल्यांदा गेला ती रेस मात्र अशी नव्हती. ओळखीतल्या कुणाच्या तरी काजूच्या रानात, मालकाला विचारून, वीसेक पोरांनी लावलेली. अँब्युलन्स नाही, प्रथमोपचाराची पेटी म्हणजे एक मलम आणि पट्ट्या. करवंदीच्या जागी काजूचा बुंधा असता तर काय, हा प्रश्न मी विचारला तेव्हा सगळे गप्प. आणखी एक : गाडीच्या नेहमीच्या विम्यात संघटित शर्यत, वेगाची चाचणी वगैरे वगळलेलं असतं. तिथं गाडी मोडली, माणूस मोडला, तर ती पॉलिसी कामाची नाही. वेगळा अपघात विमा घेतानाही धाडसी खेळांबद्दलची ओळ वाचून घ्या.

## "आणि जंगलाची वाट लावता त्याचं काय?"

या आरोपाला माझ्याकडं बचाव नाही, म्हणून सरळ लिहितो. राधानगरी, दाजीपूरकडं गाडी घेऊन वाकड्या वाटेनं शिरायचा विचारही नको. १९५८ पासूनचं ते अभयारण्य आहे, गव्याचं घर आहे, २०१२ पासून जागतिक वारशाच्या पश्चिम घाटात मोजलं जातं. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हाच गुन्हा आहे.

त्याहून कमी लोकांना कळतं ते सड्यांचं. जांभ्या दगडाचे आपले उघडे पठार उन्हाळ्यात ओसाड दिसतात, म्हणून पोरांना वाटतं इथं काय बिघडणार? त्या कातळावर बोटभर माती असते, आणि पावसाळ्यात जी फुलं बघायला आपण गर्दी करतो त्यांचं बी-कंद त्याच मातीत दडून असतं. टायरचा ठोकळा ती माती खरवडून काढतो, पहिला पाऊस ती वाहून नेतो, आणि चाकोरी वर्षानुवर्षं तशीच राहते. मसाई पठारावरून रील काढणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. शिवाय एप्रिलमधलं वाळलेलं गवत आणि तापलेला सायलेन्सर ही जोडी धोक्याची आहे. गाडी गवतात आडवी पाडून ठेवणारा मी डोळ्यांनी बघितलाय.

मग करायचं कुठं? मालकाच्या लेखी परवानगीनं खाजगी रानात. निलगिरीची लागवड, पडीक मुरमाड, जिथं मुळातच काही नाजूक उरलेलं नाही तिथं. शेजारी भाजीपाला असेल तर त्याच्या पानांवर तुमची धूळ बसणार, तेव्हा त्यालाही आधी विचारा. वाट दर वेळी थोडी बदला, उताराला आडवे चर मारून ठेवा, म्हणजे पावसात तिचा ओढा होणार नाही.

## बघायला जाणार असाल तर

सकाळी लवकर जा, ऊन चढायच्या आत रेस संपवणारे शहाणे. वारा पाठीशी राहील अशा बाजूला उभे राहा, नाहीतर रुमाल, कपडे, मोबाईल सगळं तांबडं होईल. वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभं राहू नका, घसरलेली गाडी तिकडंच येते. चढाची जागा बघायला सर्वांत चांगली : तिथं वेग कमी असतो, कोण दमलाय आणि कोण गाडी गुडघ्यांनी धरून शांतपणे निघालाय ते स्पष्ट दिसतं. आपल्या माणसाला ओळखायचं असेल तर नंबर लक्षात ठेवा, दुसऱ्या फेरीनंतर सगळ्यांच्या जर्सीचा रंग एकच असतो.

आणि पाण्याचे दोन कॅन जास्तीचे न्या. मागच्या वेळी मी एक नेला होता. तो पहिल्या दहा मिनिटांत संपला, आणि त्यातला निम्मा चूळ भरण्यातच गेला.